फक्त जास्त पावडर घातली की एस्प्रेसो होते का?

"एस्प्रेसो आणि साधी ब्रू केलेली कॉफी यात नक्की फरक काय? एस्प्रेसो म्हणजे जास्त पावडर घातलेली स्ट्राँग कॉफीच ना?" असं विचारलंय तुम्ही. नाही हो. हेच वाक्य मी आमच्या दादाच्या तोंडून तीन वर्षं ऐकतोय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार, आधीच सांगून ठेवतो.

फरक प्रेशरचा आहे. साध्या कॉफीत गरम पाणी पावडरीवर पडतं आणि आपलंआपण खाली झिरपतं, तीनचार मिनिटं घेतं. एस्प्रेसोत साधारण ९० ते ९६ डिग्रीचं पाणी ९ बार प्रेशरने, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास नऊपट जोर लावून, घट्ट दाबलेल्या बारीक पावडरीतून २५-३० सेकंदांत काढतात. १८ ग्रॅम पावडरीतून जेमतेम ३६ ग्रॅम कॉफी निघते, तेवढ्याच पावडरीला साध्या कॉफीत पावणेतीनशे-तीनशे ग्रॅम पाणी लागतं. भाजलेल्या बियांमध्ये कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो, प्रेशरखाली तो पाण्यात विरघळतो आणि कपात पडताना सुटतो, त्याचा बनतो वरचा तपकिरी फेस, क्रेमा. पातेल्यात चौपट पावडर उकळा, कडूजहर होईल पण क्रेमा येणार नाही.

तर दादा. त्याने मशीन घेतलं, खोक्यावर हे एवढं मोठं १५ बार छापलेलं, त्यावरच तो खूश. (तो आकडा पंपाच्या ताकदीचा असतो, कॉफीला ९च्या आसपासच लागतात, पण हे बोलायची सोय नव्हती.) पावडर कुठली घातली, तर ड्रिपसाठी, म्हणजे साध्या गाळायच्या कॉफीसाठी, दळलेली घरात होती ती. मी म्हटलं दादा ही भरड आहे, पाणी थांबणारच नाही हिच्यात. तर म्हणे तू गप बस, मशीनला कळतं सगळं. बटण दाबलं, मी मोबाईलवर सेकंद मोजत होतो, आठव्या सेकंदाला कप भरला. फिक्कट, पिवळट आणि असलं आंबट की वहिनीने एक घोट घेऊन कप सरळ सिंकमध्ये रिकामा केला.

दोष कुणाचा? बियांचा. "एस्प्रेसोच्या बिया वेगळ्या असतात, तुला माहीत नाही." मग पाकिटावर एस्प्रेसो लिहिलेल्या अख्ख्या बिया आणल्या आणि घरच्या मिक्सरमधून फिरवल्या. मिक्सर दळत नाही, तोडतो, त्यामुळे अर्धी पिठी आणि अर्धे खडे. या वेळी मशीन आधी नुसतंच घरघरलं, थेंब थेंब पडले आणि मग एका बाजूने फस्सकन पाणी सुटलं. मी चोथा उलटा करून बघितला तर कडेला पेन्सिल जाईल एवढं भोक! पाण्याला जिथे सोपी वाट मिळाली तिथून ते पळालं, बाकीची पावडर नुसती ओली झाली. भोक दाखवलं, बिया एकसारख्या दळणारा ग्राइंडर हवा म्हटलं, तर म्हणाला मशीनच खराब आहे. वर मला ऐकवलं, इटलीत शंभर वर्षांपूर्वी कुठे होती तुझी ही ग्राइंडरं? अरे होती की! आणि तेव्हाची एस्प्रेसो आजची नव्हतीच. लुइजी बेझेरा या इटालियनाने १९०१ साली पेटंट घेतलेलं मशीन वाफेवर चालायचं, प्रेशर दीड बारच्या आसपास. हा क्रेमा आला आकिले गाजिया या दुसऱ्या इटालियनाच्या, दांडा ओढून प्रेशर द्यायच्या मशीनबरोबर, दुसऱ्या महायुद्धानंतर. पण ऐकतंय कोण, मशीन माळ्यावर गेलं आणि पुढे जो भेटेल त्याला "घरी एस्प्रेसो होतच नाही".

मी वर्षभराने हाताने फिरवायचा एक चांगला ग्राइंडर घेतला आणि ते मशीन मागून आणलं. पहिला शॉट, म्हणजे एका वेळी काढलेली एस्प्रेसो, १४ सेकंद, दोन खाचा बारीक केलं तर १९, अजून एक खाच आणि २७. उंदराच्या शेपटीएवढी धार, आधी काळपट, मग तांबूस, शेवटी फिकट व्हायला लागली तसं बंद केलं. मशीन तेच, बिया त्याच ब्रँडच्या. व्हिडिओ दादाला पाठवला, अंगठा आला फक्त.

म्हणून तुम्ही मशीन घ्यायच्या विचारात असाल तर आधी ग्राइंडर घ्या, मशीन पुढच्या वर्षी घेतलं तरी चालेल. तोवर तोच ग्राइंडर साध्या कॉफीला वापरा, फक्त भरड दळा.

हां, दादा शंभर टक्के चुकीचा नव्हता, एवढं लिहायला हवं. एस्प्रेसो नावाची वेगळी बी नसते, पण त्या नावाने विकतात ती बरेचदा जास्त भाजलेली असते आणि जास्त भाजलेलीतून अर्क पटकन उतरतो, नवख्याला सोपं जातं. कॅफिनचं मात्र तो साफ उलटं सांगतो, म्हणे एस्प्रेसोच्या कपात जास्त. ३० मिलीच्या एका शॉटमध्ये साधारण ६०-६५ मिलिग्रॅम असतं, साध्या कॉफीच्या २४० मिली कपात ९५च्या आसपास. थेंबाला थेंब लावला तर एस्प्रेसो भारी, कपाला कप लावला तर साधी. डबल शॉट घेतलात तर हिशोब परत फिरतो, ते वेगळं. चव कुठली चांगली ते मला विचारू नका, सकाळी मी स्वतः कागदाच्या फिल्टरमधून गाळलेली साधीच पितो, कागदात तेल अडकतं आणि कॉफी कशी स्वच्छ लागते.

परवा घरी सगळे जमलो होतो तेव्हा दादा चारचौघांत म्हणाला, माझं मशीन चांगलंच होतं, मी सांगत होतो. आता परत मागतोय. मशीन देईन, ग्राइंडर नाही.