"मॅडम, देव दिसंना गेलाय"

जालन्यात समुपदेशनाला बसले की या अर्थाचं वाक्य महिन्यातून एकदा तरी कानावर येतं. चर्चला न चुकता जाणारी, रोज बायबल उघडणारी माणसं आवाज खाली करून सांगतात, जणू चोरीच कबूल करतायत. प्रार्थना चालू आहे, पण आत काही हलत नाही. त्यातल्या एका ताईंबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

2013 चा उन्हाळा. आदला पावसाळा दगा देऊन गेलेला, मोसंबीच्या बागा उभ्या वाळलेल्या. ताईंचीही बाग गेली होती. त्या संडेस्कूल घ्यायच्या. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "घरी वचनाचं कॅलेंडर आहे. पान उलटलं की बर्फाचे डोंगर, नाहीतर धबधबा. देवाची सुंदर सृष्टी म्हणं! अन् आमच्या दारात टँकर. देव तिकडंच राहतो का, मॅडम?"

मी नवखी होते. बायबलमधलं एकोणिसावं स्तोत्र वाचायला दिलं, आकाश देवाचा महिमा वर्णिते. पुढच्या भेटीत उत्तर आलं, "आकाश तर रोजच बघतो आम्ही. ढग येतो का म्हणून."

थकलेल्या बाईला मी आणखी एक गृहपाठ दिला होता. मग म्हटलं, सुंदर काही शोधू नका. दिवसातली एकच गोष्ट नीट बघा आणि जशीच्या तशी सांगा. आभार नकोत, वचनही नको.

वहीत आलं : सूर्य, फुले, पक्षी.

"कोणता पक्षी?"

त्या ओशाळून हसल्या. "पाहिलाच नाही. पोरांना शिकवते तेच लिहिलं."

चौथ्या भेटीत वही आणलीच नाही. "भाकरीचं सांगू का? पीठ जुनं होतं, विरी गेलेली. गरम पाण्यात मळलं, तरी थापताना काठ चिरत होता. तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली. वाटलं, ही काही फुगत नाही. निखाऱ्याला लावली…" त्या थांबल्या. हात हवेत तसाच, भाकरी धरल्यासारखा. "टम्म फुगली, मॅडम. अन् जळण मोसंबीचं होतं. आमच्याच बागेतलं."

मग त्या रडल्या. बाग गेल्यापासून पहिल्यांदा. मी काहीच बोलले नाही. इतक्या वर्षांच्या कामात मला नीट जमलेली गोष्ट कोणती विचाराल, तर ती तेवढी पाच मिनिटं गप्प बसणं.

माझं मत तेव्हा पक्कं झालं. डोळे सौंदर्याला बंद होतात ते बहुतेक वेळा अविश्वासाने नाही, अडवून धरलेल्या दुःखाने. घरात सगळे "देवाची इच्छा" म्हणत होते. झाडांसाठी रडायला ताईंना कुणी मोकळीकच दिली नव्हती. बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट आपण वारा, भूकंप, अग्नी आणि मग शांत, मंद वाणी अशी सांगतो. पण त्याआधी तो झुडपाखाली पडून "पुरे झालं, माझा प्राण घे" म्हणतो, तेव्हा देव त्याला उपदेश करत नाही. निजू देतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवतो. एकदा नव्हे, दोनदा. ती वाणी ऐकू येते तो होरेब डोंगर त्यानंतर.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना आता आधी विचारते, जेवण जातं का, झोप लागते का? दोन आठवडे दोन्ही बिघडलेलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका. त्यात विश्वास कमी पडला असं काही नसतं. बाकीच्यांनी हाताखालचीच एक गोष्ट धरावी. पीठ, सायकलची चेन, लेकराची वेणी. मिनिटभर नुसतं बघावं, त्याचं लगेच प्रवचन करू नये. (हे चर्चच्या पाळकांना सांगणं सगळ्यात अवघड जातं.) काही दिवस काहीच जाणवणार नाही, तेही चालतं. आणि ज्याचं नुकतंच काही गेलंय त्याला "चांगलं बघ" म्हणू नका. त्याच्याजवळ बसा.

ताईंची बाग काही परत आली नाही. शेवटच्या भेटीला त्यांनी फडक्यात बांधून दोन भाकरी आणि ठेचा आणला.

"उशाशी नका ठेवू," म्हणाल्या, "गरम आहे तवर खा."