बाबांचा ग्लोव्ह आणि स्कोअरकार्डं

प्रश्न : न्यू जर्सीत राहणारे आमचे बाबा बेसबॉलचे वेडे होते. ते गेल्यावर त्यांचा चामडी ग्लोव्ह, सही असलेला चेंडू, तिकिटं आणि पेन्सिलीनं भरलेली स्कोअरकार्डं उरली आहेत. नातवंडांसाठी हे कसं जपावं?

उत्तर : ग्लोव्हला तेल चोपडू नका. जादा तेलानं चामडं काळवंडतं, मऊ पडतं आणि आकार सोडतं. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ काढा, पंज्याच्या खळग्यात आम्लमुक्त कागदात गुंडाळलेला साधा चेंडू ठेवा. ऊन आणि हीटर टाळा. नातू त्यानं खेळणारच असेल, तर आधी वाद्या तपासा, तुटतात त्याच. त्या नव्या ओवून मिळतात.

सहीचा शत्रू उजेड. अतिनील किरण अडवणारी पेटीही उन्हाच्या खिडकीत फारशी कामाची नाही. सहीवरून पेन तर मुळीच फिरवू नका.

तिकिटं लॅमिनेट करू नका, थर्मल छपाईचं (उष्णतेनं अक्षरं उमटवलेलं) तिकीट लॅमिनेशनच्या उष्णतेनं काळं पडतं. आधी स्कॅन करा. पीव्हीसीऐवजी पॉलिएस्टरची पाकिटं घ्या.

स्कोअरकार्डं मात्र नातवंडांना वाचायला शिकवाच. खरा ठेवा तोच. आकडे खेळाडूंच्या जागांचे : पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) २, पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या बेसवरचे (बेस म्हणजे धावताना गाठायचे थांबे) ३, ४, ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) ६, मैदानाच्या बाहेरच्या भागातले ७ ते ९. ‘६-४-३’ म्हणजे शॉर्टस्टॉपनं चेंडू दुसऱ्या बेसवाल्याला दिला, त्यानं पहिल्या बेसवर फेकला, बहुधा दोघे बाद. इंग्रजी ‘के’ (K) म्हणजे तीन स्ट्राइक होऊन फलंदाज बाद. ते अक्षर उलटं दिसलं, तर तिसऱ्या स्ट्राइकला त्यानं बॅट फिरवलीच नाही, चेंडू नुसता बघत राहिला. समासातले शेरे खोडू नका.