आजीची गोष्ट, नातवाचे अक्षर
सोलापूरच्या पूर्व भागात १४ नोव्हेंबरचा वाचनमेळा आपण प्रथमच घेत आहात, म्हणून सुचवतो की मुलांबरोबर आजीआजोबांनाही आवर्जून बोलवावे, कारण विणकामावर उभ्या राहिलेल्या अनेक पद्मशाली घरांत तेलुगू बोलली जाते, पण ती वाचता येतेच असे नाही. आजीने तेलुगूत गोष्ट सांगावी, नातवाने ती देवनागरीत उतरवावी आणि मग दोघांनी मिळून तिचे मराठी करावे. तेलुगूत ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’साठी, तसेच ‘ओ’साठी, वेगळी अक्षरे आहेत, मराठी वर्णमालेत ती सोय नसल्याने मूल नेमके तिथे अडखळेल, त्याला चूक म्हणू नये. कन्नड किंवा उर्दू बोलणाऱ्या घरांनाही सामावून घ्यावे. सत्कार मात्र टाळावेत; माझ्या पहिल्या मेळ्यात तासभर त्यांतच गेला आणि मुले कंटाळून घरी निघून गेली.