साताऱ्याची सैनिक शाळा म्हणजे लष्कराचा तळ आहे का? ती साताऱ्यातच का निघाली?

तळ नाही. ती निवासी शाळा आहे, संरक्षण मंत्रालयाच्या सैनिक स्कूल सोसायटीखाली चालणारी. २३ जून १९६१ रोजी सुरू झालेली ही देशातली पहिली सैनिक शाळा. कल्पना तेव्हाचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांची. सैन्यातल्या अधिकाऱ्यांमध्ये सगळ्या थरांतली, सगळ्या भागांतली पोरं यावीत म्हणून त्यांना एनडीएसाठी (सैन्याचे अधिकारी घडवणारी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) तयार करायचं, हा हेतू.

साताराच का? मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कराडचे, हे एक कारण असावं असं मला वाटतं. पण जिल्ह्यात फौजेत जायची रीतही जुनीच. अपशिंगे गाव बघा, नावापुढेच ‘मिलिटरी’ लागतं. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आले, त्यांचं स्मारक गावात आहे. मात्र अशा घरांतली पोरं बहुतेक शिपाई म्हणूनच भरती व्हायची. अधिकारी होण्याची वाट या शाळेनं जवळ आणली.

प्रवेश सहावी आणि नववीला, परीक्षा देऊन. आता मुलींनाही घेतात. (फार उशिरा सुचलं!) आणि शाळेत गेलं म्हणजे फौजेत जावंच लागतं असं नाही, आणि जायचं असेल तर एनडीएची परीक्षा आणि एसएसबीची (सैन्यासाठी अधिकारी निवडणारं मंडळ) मुलाखत इतरांसारखीच द्यावी लागते.