ख्रिस्ती माणसाने मत देताना गर्भपाताचा मुद्दा सगळ्यांत वर ठेवावा का?

ठेवू नये. मी स्वतः गर्भपाताला पाप मानते, तरी माझं उत्तर हेच आहे.

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतले ख्रिस्ती एवढ्या एका मुद्द्यावर मत देतात आणि आपल्याकडचे गरिबी, जात, न्याय यांवर बोलतात, तर खरं ख्रिस्ती मत कुठलं. आपल्याकडचे बोलतात, हा तुमचा गैरसमज आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्त्यांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. त्यावर मोर्चे निघतात आणि ते रास्तच आहेत. पण दुसऱ्याच्या दुःखावर तोंड उघडायची वेळ आली की ‘मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, राजकारण नको’ हे ठरलेलं.

मी नगर जिल्ह्यातल्या एका मिशन दवाखान्यात लेबर वॉर्डला नर्स होते. तिथे गर्भपात करत नसत आणि ते मला मान्य होतं, आजही आहे. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांवर निघायच्या बेतात असताना पाथर्डीकडची एक बाई आली. तिसरा महिना, पदरात दोन पोरं, धाकटं अजून अंगावर पिणारं. मुकादमाकडून नवरा-बायकोच्या कोयत्यावर, म्हणजे जोडीच्या मजुरीवर, आगाऊ उचल घेतलेली आणि ती घराच्या पत्र्यांत आणि नणंदेच्या लग्नात संपलेली. दोघांतलं एक जरी घरी बसलं तरी खाडा, म्हणजे दंड, लागतो आणि खाड्याचे पैसे उचलीवर चढतात. सातव्या महिन्यात मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवरून कशी चढू, असं तिने विचारलं. रडली नाही, सगळा हिशेब नीट सांगितला.

आमच्या वरिष्ठांनी तिला बायबलमधलं, आईच्या उदरात देवच बाळाला घडवतो असं सांगणारं स्तोत्र १३९ वाचून दाखवलं, प्रार्थना केली, पत्रक दिलं आणि परत पाठवलं. मी म्हटलं, उचल किती आहे ते तरी विचारा, मंडळीकडून काही उभं करता येईल. ‘सिस्टर, ते आपलं काम नाही.’

थोड्याच दिवसांत तिला जीपमधून आणलं. कुणाकडून तरी पोट पाडून घेतलेलं. अंग फणफणलेलं, लुगड्याला वास, बीपी लागेना. सर्जननी गर्भाची पिशवी काढली म्हणून जीव वाचला. घरी जायच्या दिवशी तिने मला विचारलं, “आता पाळी नाही ना येणार? म्हंजी तेवढा खाडा वाचला.” २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं पेपरात आलं तेव्हा लोक हादरले. मला मात्र तीच आठवली.

त्या बाळाच्या जिवाला जबाबदार कोण? गर्भपाताला मुभा देणारा १९७१चा कायदा नसता तरी हेच झालं असतं. तिला तो कायदा ठाऊकसुद्धा नव्हता. ते बाळ उचलीने गेलं. बायबलमधल्या यशयाच्या दहाव्या अध्यायात गरिबांचा न्याय बुडवणाऱ्यांना धिक्कार आहे. तो अध्याय तिला नव्हे, मुकादमाला आणि कारखान्याच्या चेअरमनला वाचून दाखवायला हवा होता.

माझे धाकटे दीर अमेरिकेत, टेक्सासमधल्या डॅलसला असतात, बॅप्टिस्ट मंडळीत जातात. दर निवडणुकीला फोनवर एकच वाद. “वहिनी, न जन्मलेल्याला मत नसतं, त्याच्या वतीने आम्ही देतो. बाकी सगळं नंतर.” या बोलण्यात वजन आहे, मी ते उडवून लावत नाही. पण येशूच्या प्रेषितांपासून हेच चालत आलंय असं ते सांगतात, ते मला पटत नाही. गर्भपाताला मंडळीचा विरोध फार जुना आहे, खरं. पण त्याला मतपेटीतला पहिला मुद्दा करणं अगदी अलीकडचं. ज्या सदर्न बॅप्टिस्टांचा, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यांत मोठ्या बॅप्टिस्ट पंथाचा, ते दाखला देतात, त्यांच्याच अधिवेशनाने १९७१ साली ठराव केला होता की बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग, आईच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला धोका अशा कारणांसाठी गर्भपाताची मुभा देणारा कायदा व्हावा. ख्रिस्ती मतदारांना राजकारणात उतरवणारी मोरल मेजॉरिटी ही संघटना निघाली १९७९मध्ये. आणि नगरला ज्यांनी मिशनरी पाठवले त्या अमेरिकेतल्या काँग्रिगेशनल मंडळ्यांचा वारसा सांगणारं युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट तर गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने आहे. कॅथलिकांनी विरोध कधी सोडला नाही, तरी त्यांचेच अमेरिकेतले वरिष्ठ धर्मगुरू कार्डिनल बर्नार्डिन यांनी १९८३मध्ये मांडलं की गर्भपात, फाशी, अण्वस्त्रं, गरिबी हे सगळे जिवाचेच प्रश्न आहेत, एकच धरून चालणार नाही. मला ते पटतं.

जून २०२२मध्ये अमेरिकेत गर्भपाताचा हक्क देणारा रो विरुद्ध वेडचा निकाल रद्द झाला तेव्हा दिरांचा आनंदाने फोन आला. मी विचारलं, टेक्सासने गरिबांसाठी मेडिकेड, म्हणजे सरकारी आरोग्यविमा, वाढवलं का? १९७६पासून सगळ्यांत जास्त मृत्युदंड तुमच्याच राज्यात दिले गेले, त्या जिवांचं काय? म्हणाले, विषय बदलू नका. मी बदललेला नाही.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७०मध्ये आले. दोघंही ख्रिस्ती. गावातल्या अडाणी, पुष्कळशा दलित बायकांना त्यांनी बाळंतपण, लसी, पोरांचं खाणंपिणं शिकवून उभं केलं. किती बाळं आणि बाळंतिणी त्यामुळे वाचल्या! १९७९मध्ये दोघांना मॅगसेसे मिळालं. जिवाच्या बाजूने उभं राहणं मी याला म्हणते. मत मागायला येणाऱ्याला विचारा, ऊसतोडीच्या बाईला बाळंतपणात मजुरी कोण देणार, ऊसतोड मजुरांच्या पोरांसाठीच्या साखरशाळा किती चालू आहेत.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. पाप म्हटलं तरी आईचा जीव धोक्यात असेल तर माझ्या मनात शंका नाही, आई आधी. बलात्कारात त्या मुलीवर सक्ती करणारी मी कोण? आणि मुलगी आहे म्हणून गर्भ पाडतात तिथे मला कायदा कडकच हवा. २०११च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. त्यावर आमच्या मंडळीत मी एकही उपदेश ऐकला नाही.

भाऊजी, हे तुम्ही वाचणार आहात. पुढचा फोन कराल तेव्हा उमेदवाराचं नंतर सांगा. तुमच्या मंडळीच्या बजेटात यंदा किती बाळंतिणींचा दवाखान्याचा खर्च धरलाय, ते आधी सांगा.