जयपूरचं सम्राट यंत्र खरंच 2 सेकंदांपर्यंत अचूक आहे का?

खुणा 2 सेकंदांच्या आहेत, हे खरं. राजा सवाई जयसिंहाचं हे यंत्र म्हणजे सावलीवरून वेळ दाखवणारं अवाढव्य सूर्यघड्याळ. ते सुमारे 27 मीटर उंच, त्यामुळे सावली सेकंदाला सुमारे 1 मिलिमीटर सरकते. पण सूर्य म्हणजे बिंदू नव्हे, अर्ध्या अंशाची तबकडी. त्यामुळे सावलीची कड दहा सेंटीमीटरहून रुंद पट्ट्यात पुसट होत जाते आणि नुसत्या डोळ्यांना नेमकी रेघ सापडत नाही. त्यावर एक सुरेख उपाय आहे: ताणलेला दोरा पृष्ठभागाच्या अगदी जवळ धरायचा आणि त्याची सावली पुसट कडेत कुठे विरते ते पाहायचं. मग काही सेकंदांपर्यंत वाचन जमतं.

मात्र मनगटी घड्याळाशी थेट ताडून यंत्राला चूक ठरवू नका. जयपूरची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या जवळपास 27 मिनिटं मागे असते. शिवाय कालसमीकरण, म्हणजे सूर्यावरून मोजलेली वेळ आणि एकसारखी चालणारी घड्याळाची वेळ यांतला फरक, तारखेनुसार 16 मिनिटांपर्यंत जातो. आधी या दोन्ही दुरुस्त्या करा, उरेल ती यंत्राची चूक.