लाळ तपासून किडक्या दाढेचं औषध ठरतं का?

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याची खालची मागची दुधाची दाढ किडली आहे. ठणकायला लागली की मी मेडिकलमधून अमॉक्सिसिलिनचं पातळ औषध आणते. वर्षभरात चार बाटल्या झाल्या. पूर्वी दोन दिवसांत आराम पडायचा, या वेळी पडला नाही. जंतू औषधाला सरावले असतील का? लाळ तपासून दुसरं औषध ठरवता येईल का?
– एक आई, बार्शी

उत्तर : ताई, लाळ तपासता येते. शिकत असताना मी स्वतः कितीतरी मुलांची लाळ तपासली आहे. किडीतला मुख्य जंतू स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. १९२४ मध्ये क्लार्क यांनी तो किडक्या दातांतून शोधला. त्याला ओळखायची युक्ती मला आजही फार आवडते. ज्या प्लेटवर तो वाढवायचा, तिच्यात भरपूर साखर आणि बॅसिट्रॅसिन हे अँटिबायोटिक घालतात. तोंडातले बरेचसे इतर जंतू त्यात तग धरत नाहीत. म्युटन्सला मात्र बॅसिट्रॅसिन मुळातच फारसं बाधत नाही, आणि ३७ अंशांवर दोन दिवसांत त्याचे खरखरीत ठिपके उगवतात. मग दुसऱ्या प्लेटवर औषध लावलेल्या कागदी टिकल्या ठेवायच्या आणि टिकलीभोवती जंतू न उगवता किती मिलिमीटर जागा मोकळी राहिली ते मोजायचं. त्यावरून ते औषध जंतूवर चालतं का, ते कळतं.

पण तुमच्या मुलाला मी ही तपासणी सांगणार नाही. जंतू अमॉक्सिसिलिनने मरणारा निघाला तरी दाढ बरी व्हायची नाही. किडीच्या खड्ड्यात रक्तच जात नाही, मग रक्तातून येणारं औषध तिथं पोचणार कसं? पूर्वीचा ठणका बहुधा आपोआपच थांबला असेल. आतली नस मेली तरी दुखणं थांबतं, आणि जंतू मुळापर्यंत उतरतात. त्या चार बाटल्यांनी दाढेचं भलं झालं नाही. उलट घशातल्या, आतड्यातल्या जंतूंना औषध पचवायची संधी मिळाली. उद्या न्यूमोनिया झाला, तर हेच औषध चालायला हवं ना!

दुधाची म्हणून दाढ सोडू नका, ती दहा-बारा वर्षांपर्यंत राहते. याच आठवड्यात एक्स-रे काढून घ्या. नस वाचण्यासारखी असेल तर ती वाचवून, नाहीतर मुळं साफ करून वर टोपी बसवतात. फारच खराब असेल तर काढतात. फ्रिजमधली उरलेली बाटली पुन्हा वापरू नका.

गालावर सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास यांपैकी काहीही दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तिथं अँटिबायोटिक लागू शकतं, पण मुलाच्या वजनावरून ठरवलेलं आणि दाढेच्या उपचारासोबत.